न लिहिलेल्या अटी कोण लिहितं?

मराठी व्याकरणात ‘अध्याहृत’ असा एक नेमका शब्द आहे. ‘घरी ये’ या वाक्यात ‘तू’ कुठेच दिसत नाही, पण तो आहे. शाळेत आपण त्याला अध्याहृत कर्ता म्हणायला शिकलो. वाक्याचा अर्थ पुरा व्हावा म्हणून ऐकणाऱ्याने मनातल्या मनात भरून घेतलेला शब्द. इंग्लंडच्या करार कायद्यात असाच एक मोठा प्रांत आहे. एखादी अट करारात लिहिलेली नसते, बोलण्यातही आलेली नसते, तरी न्यायालय म्हणतं की ती पहिल्यापासून करारात होतीच. इथे मी तिला अध्याहृत अट म्हणेन.

फरक इतकाच की ‘घरी ये’ मधला ‘तू’ भरताना कुणाचं भांडण होत नाही. करारातली रिकामी जागा भरली की मात्र एका बाजूच्या खिशातून पैसे जातात आणि दुसऱ्या बाजूच्या खिशात येतात. त्यामुळे ही जागा कोण भरतं, कशाच्या आधारावर, आणि भरताना तो स्वतःबद्दल काय सांगतो, हे तपासून बघायला हवं. इथे येणारा आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्याभरात दोन कागदांवर सही करतो: एक नोकरीचा, दुसरा भाड्याच्या घराचा. दोन्ही कागद समोरच्याने आधीच छापून ठेवलेले असतात. त्यात आपल्या बाजूने जे काही असतं, त्यातला बराचसा भाग न लिहिलेलाच असतो. करारांची भाषा हा माझ्या संशोधनाचा विषय, म्हणून कायद्याच्या पाठ्यपुस्तकाऐवजी एक वाचक म्हणून हे निकाल मी वाचतो. तसं वाचल्यावर माझी एक तक्रार आहे, ती या लेखात मांडतो.

आधी थोडी ओळख. अध्याहृत अटी करारात तीन दारांनी येतात. पहिलं दार रूढीचं. १८३२च्या ‘स्मिथ विरुद्ध विल्सन’ या खटल्यात सशांच्या कुरणाचा भाडेकरार होता आणि सशांचा भाव हजारावर ठरला होता. त्या भागात ससे मोजताना हजार म्हणजे बाराशे धरायची पद्धत होती, आणि न्यायालयाने ती पद्धत ऐकून घेतली. कागदावर हजार, व्यवहारात बाराशे. चारच वर्षांनी ‘हटन विरुद्ध वॉरेन’मध्ये शेत सोडून जाणाऱ्या कुळाला बियाणं आणि मेहनत यांचा मोबदला मिळाला, कारण त्या मुलखाची चालच तशी होती.

दुसरं दार संसदेचं. दुकानातून घेतलेली वस्तू समाधानकारक दर्जाची असली पाहिजे, ही अट पावतीवर लिहिलेली नसते. २०१५चा ग्राहक हक्क कायदा ती करारात घालतो आणि दुकानदाराला ती काढताही येत नाही. घराचा सांगाडा, पाण्याचे नळ, हीटिंग यांची दुरुस्ती घरमालकाने करायची, हे १९८५च्या घरमालक आणि भाडेकरू कायद्यातलं अकरावं कलम अल्प मुदतीच्या भाडेकरारांत घालतं. घर राहण्यायोग्य असलं पाहिजे, ही अट इंग्लंडमध्ये २०१८च्या एका कायद्याने घातली. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन, हेसुद्धा तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक नोकरीच्या करारात घुसवलेलं एक न लिहिलेलं कलमच आहे. हे दार प्रामाणिक आहे. संसद उघडपणे सांगते: तुमचं काय ठरलं असेल ते असो, आम्ही हे वाक्य घालतो आहोत.

माझी तक्रार तिसऱ्या दाराबद्दल आहे, म्हणजे न्यायाधीशांच्या.

या दाराची कहाणी नेहमी ‘मूरकॉक’ या बोटीपासून सुरू होते. १८८९चा निकाल. टेम्स नदीच्या एका धक्क्यावर माल उतरवायचा करार झाला. ओहोटी लागली की बोट नदीच्या तळाला टेकणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. बोट टेकली ती तळाच्या कठीण उंचवट्यावर, आणि तिचं नुकसान झालं. नदीचा तळ काही धक्केवाल्यांच्या मालकीचा नव्हता, आणि तो सुरक्षित आहे असं वचन त्यांनी करारात दिलेलंही नव्हतं. तरी न्यायमूर्ती बोवेन यांनी म्हटलं की तळ धोकादायक नाही ना, याची वाजवी खात्री करून घेण्याची जबाबदारी करारात होतीच. ती नसेल तर व्यवहाराला काही अर्थच उरत नाही. पन्नास वर्षांनी, १९३९मध्ये, न्यायमूर्ती मॅकिनन यांनी दुसरी कसोटी दिली. शरलॉ नावाच्या मॅनेजिंग डायरेक्टरला दहा वर्षांसाठी नेमलं होतं. कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि मुदतीआधीच त्यांना काढलं गेलं. मॅकिनन यांनी कल्पना केली की करार चालू असताना एक आगाऊ तिऱ्हाईत मध्ये तोंड घालतो: ‘अहो, अमुक झालं तर काय, हे लिहा की!’ आणि दोघेही वैतागून त्याला गप्प करतात: ‘अर्थातच, ते काय सांगायला हवं!’ असं होईल, तरच ती अट अध्याहृत. गंमत म्हणजे ही कल्पना त्यांनी निकालातच सांगितल्याप्रमाणे स्वतःच्याच एका जुन्या निबंधातून उचलली होती. साहित्यातून कायद्यात आलेला हा तिऱ्हाईत गेली ऐंशीहून अधिक वर्षं इंग्रजी कायदा मानणाऱ्या देशांमधल्या कोर्टांत फिरतो आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७मध्ये ‘नाभा पॉवर’च्या निकालात त्याला बोलावलं.

व्यक्तिरेखा म्हणून हा तिऱ्हाईत मला आवडतो. दोन ओळींत माणूस उभा राहतो, आणि वैतागलेले दोघेही डोळ्यांसमोर येतात. पण टीकाकाराने विचारायला हवं की हा प्रसंग घडतो कुठे? एका टेबलाशी. दोघे समोरासमोर बसले आहेत, दोघांच्याही हातात लेखणी आहे, दोघांनाही ‘अर्थातच’ म्हणायचा सारखाच अधिकार आहे. व्यापारी आणि व्यापारी, बोटीचा मालक आणि धक्क्याचा मालक. अशा जागी ही कसोटी चपखल बसते. आता हाच तिऱ्हाईत भाड्याच्या घराच्या एजंटच्या ऑफिसात नेऊन उभा करा. तिथे वाटाघाटच नाही, मग तो मध्ये तोंड घालणार कशाच्या? आणि घातलंच, ‘अहो, बॉयलर बंद पडला तर किती दिवसांत दुरुस्त करणार ते लिहा’, तर एक जण ‘अर्थातच’ म्हणेल आणि दुसरा म्हणेल, ‘छापील फॉर्म आहे, त्यात बदल होत नाही.’ कसोटी तिथेच नापास. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्याच्या बाबतीत ही कसोटी सर्वांत कमी उपयोगाची.

यावर कायद्याची मंडळी म्हणतील की निकालांनी याच्या पुढचा विचार केलेला आहे. केला आहे, पण कसा, ते पाहू. २००९मध्ये बेलीझ टेलिकॉमच्या खटल्यात लॉर्ड हॉफमन यांनी म्हटलं की अध्याहृत अट म्हणजे करारात घातलेली भर नव्हेच. संपूर्ण दस्तऐवजाचा अर्थ काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो अर्थ नीट सांगितला की अट आपोआप दिसते. सहा वर्षांनी ‘मार्क्स अँड स्पेन्सर विरुद्ध बीएनपी परिबा’मध्ये लॉर्ड न्यूबर्गर यांनी ही गाडी मागे वळवली. आधी लिहिलेल्या शब्दांचा अर्थ लावा, मग भर घालायची का ते ठरवा, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आणि भर घालायची तर ‘वाजवी’ असून भागत नाही, ‘आवश्यक’ असली पाहिजे.

आपल्याकडच्या मीमांसकांना हा वाद ओळखीचा वाटला असता. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवतो, हे अर्थापत्तीचं जुनं उदाहरण. त्यात आपण ‘रात्री जेवतो’ हे शब्द भरतो की नुसता अर्थ भरतो, यावर भाट्ट आणि प्राभाकर यांचं जुंपलं होतं. भाट्टांचा शब्दाध्याहार, प्राभाकरांचा अर्थाध्याहार. हॉफमन यांचा कल दुसऱ्या बाजूला, न्यूबर्गर यांचा पहिल्या. पण मीमांसकांच्या उदाहरणात देवदत्ताच्या लठ्ठपणाबद्दल वाद नव्हता. करारांच्या खटल्यांत मुळात देवदत्त लठ्ठ आहे का, यावरच दोन बाजू भांडत असतात. ‘आवश्यक’ म्हणजे कुणासाठी आवश्यक, कशासाठी आवश्यक?

‘मार्क्स अँड स्पेन्सर’चा निकाल मला पटतो, हे आधी सांगतो. लंडनमधल्या ऑफिसच्या भाडेकराराची गोष्ट. मुदतीआधी जागा सोडायचं कलम होतं, त्याप्रमाणे कंपनीने २४ जानेवारी २०१२ रोजी जागा सोडली. पण डिसेंबरच्या अखेरीस पूर्ण तिमाहीचं भाडं आगाऊ भरलेलं होतं. जागा सोडल्यानंतरच्या दिवसांचं भाडं परत द्या, अशी अध्याहृत अट आहे, हे कंपनीचं म्हणणं. वरवर पाहता किती न्याय्य! न राहिलेल्या दिवसांचं भाडं घरमालकाने का ठेवावं? सर्वोच्च न्यायालय नाही म्हणालं. आगाऊ भाड्याची दिवसांप्रमाणे विभागणी होत नाही, हा नियम शंभराहून अधिक वर्षं जुना होता. करार बारीकसारीक तपशिलांचा होता, आणि दोन्ही बाजूंचे वकील तो नियम जाणून होते. त्यांना परतावा हवा होता तर एक ओळ लिहिणं कठीण नव्हतं. म्हणजे इथलं मौन हे विसरणं नव्हतं, ते एक प्रकारचं बोलणंच होतं. असं मौन न्यायाधीशाने मोडू नये, हे बरोबर आहे.

पण हा निकाल जसा उद्धृत होतो, त्यात गोची आहे. ‘अट आवश्यक हवी, वाजवी असून चालत नाही’ हे वाक्य मोठ्या कंपन्यांच्या टेबलावरून उचलून सगळीकडे लावायचा मोह होतो. आणि ‘आवश्यक’ हा शब्द असा वापरला जातो की जणू काही न्यायाधीशाने मोजपट्टी लावून पाहिलं आणि उत्तर सापडलं. निवड झालीच नाही, असा आव. माझी तक्रार नेमकी या आवाबद्दल आहे.

याचा उतारा इंग्रजी कायद्यातच आहे. १९७६चा ‘लिव्हरपूल सिटी कौन्सिल विरुद्ध अर्विन’ हा निकाल वाचा. एव्हर्टनमधला महापालिकेचा पंधरा मजली टॉवर. लिफ्ट सतत बंद, जिन्यांवर दिवे नाहीत, कचऱ्याच्या नळ्या तुंबलेल्या. रहिवाशांनी भाडं थांबवलं, महापालिका घराचा ताबा मागायला कोर्टात गेली. करार म्हणून दाखवायला जो कागद होता, त्यात भाडेकरूंनी काय करायचं आणि काय करायचं नाही याची यादी होती आणि खाली भाडेकरूची सही. महापालिकेने काय करायचं, यावर एक शब्द नाही. लॉर्ड विल्बरफोर्स यांनी आगाऊ तिऱ्हाईताला बोलावलं नाही. त्यांनी हे मान्य केलं की इथे दोघांच्या मनात काय होतं हा प्रश्न नाही, करारच अर्धा आहे. तेव्हा पंधराव्या मजल्यावर घर देणं आणि घेणं या नात्याला काय लागतं, ते विचारायला हवं. उत्तर: जिने, लिफ्ट, दिवे वाजवी काळजी घेऊन चालू ठेवण्याची जबाबदारी महापालिकेची. खालच्या कोर्टात लॉर्ड डेनिंग ‘वाजवी असेल ते घाला’ म्हणत होते, ते वरच्यांनी नाकारलं आणि ‘आवश्यक’ हाच शब्द ठेवला.

आता हा ‘आवश्यक’ पाहा. लिफ्टशिवाय पंधराव्या मजल्यावर राहता येतं का? धडधाकट तरुणाला, सामान नसताना, येतं. कडेवर मूल असलेल्या आईला येत नाही. म्हणजे ‘आवश्यक’ म्हणताना न्यायाधीशांनी डोळ्यांसमोर कोणता माणूस ठेवायचा, हे आधीच ठरवलं होतं. त्यांनी चांगला माणूस निवडला, पण ती निवड होती. शब्द तोच, ‘आवश्यक’. पण मूरकॉकमध्ये त्याचा अर्थ ‘व्यवहार बुडू नये म्हणून’ आणि अर्विनमध्ये ‘माणसाला राहता यावं म्हणून’. आणि हेही विसरू नये की अर्विनमधले भाडेकरू या मुद्द्यावर शेवटी हरले. जबाबदारी आहे, पण होणारी नासधूस पाहता महापालिकेने वाजवी प्रयत्न केले होते, असं ठरलं. तत्त्व मिळालं, लिफ्ट मिळाली नाही.

नोकरीच्या कराराचंही तसंच. मालक आणि नोकर यांच्यातला परस्पर विश्वास मोडेल असं सबळ कारणाशिवाय वागू नये, ही अध्याहृत अट हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९७मध्ये बीसीसीआय बँकेच्या खटल्यात पक्की केली. ही बँक १९९१मध्ये मोठ्या घोटाळ्यात बुडाली आणि तिथे प्रामाणिकपणे काम केलेल्या लोकांना केवळ तिच्या नावाच्या डागामुळे नोकऱ्या मिळेनात. बँक अप्रामाणिकपणे चालवणार नाही, असं कुठल्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं? तरी ते होतं, असं न्यायालय म्हणालं. पण चारच वर्षांनी ‘जॉन्सन विरुद्ध युनिसिस’मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की नोकरीवरून काढण्याच्या पद्धतीला ही अट लागू नाही, कारण त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केलेला आहे. म्हणजे नोकरी चालू असेपर्यंत विश्वास जपायचा, काढताना नाही. हा निकाल वाचताना दिसतं की अट कुठे संपते ही रेघसुद्धा न्यायाधीशच मारतो. ती करारात शोधून सापडणारी नाही.

आणि या सगळ्याची खरी किंमत कळते ती पोस्ट ऑफिसच्या प्रकरणात. १९९९-२००० पासून इंग्लंडभरच्या छोट्या टपाल कार्यालयांत ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली आली. हिशोबात तुटी दिसू लागल्या. सबपोस्टमास्तरांनी त्या खिशातून भरल्या, घरं गहाण टाकली. नऊशेहून अधिक लोकांवर गुन्हे शाबित झाले, काही तुरुंगात गेले. त्यात आपल्या उपखंडातून आलेल्या कुटुंबांतले पुष्कळ जण होते. दुकान आणि टपाल खिडकी एकत्र चालवणं हा आपल्या लोकांचा इथे पाय रोवायचा एक रस्ता होता.

२०१९च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी ‘बेट्स विरुद्ध पोस्ट ऑफिस’मध्ये जो निकाल दिला, तो संगणकाबद्दल नव्हताच, तो करारात काय आहे याबद्दल होता. जुन्या करारात लिहिलं होतं की सबपोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे आलेलं नुकसान त्याने भरायचं. पोस्ट ऑफिसने काय करायचं, तर सहकार्यापलीकडे फारसं काही नाही, अशी पोस्ट ऑफिसची भूमिका होती. हा दोन व्यावसायिकांमधला करार आहे, आवश्यकतेची कसोटी लावा, असा तो युक्तिवाद. फ्रेझर यांनी म्हटलं की हा दीर्घकाळाचा, एकमेकांवरच्या विश्वासावर उभा असलेला नातेसंबंधाचा करार आहे आणि त्यात सचोटीने वागण्याची अट अध्याहृत आहे. शिवाय पोस्ट ऑफिसने व्यवहारांची नोंद अचूक ठेवायची, तूट दिसली तर कारण शोधायचं, आणि ते केल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत. सामान्य माणसाला वाटेल, यात काय मोठं? हे काय सांगायला हवं? तेच तर. आगाऊ तिऱ्हाईताने विचारलं असतं, ‘अहो, तुमचंच मशीन चुकलं तर?’ तर पोस्ट ऑफिसने ‘अर्थातच’ म्हटलं असतं का? त्यांनी कोर्टात वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर आपल्यासमोर आहे.

या निकालावरही टीका होऊ शकते. इंग्रजी कायद्यात सचोटीचं सर्वसाधारण बंधन नाही. २०१३मध्ये न्यायमूर्ती लेगाट यांनी ‘याम सेंग’मध्ये ते काही करारांपुरतं आणलं, आणि फ्रेझर यांनी तीच वाट पुढे नेली. ‘नातेसंबंधाचा करार’ कोणता, हे आधी ओळखायचं कसं? व्यापार करणाऱ्यांना निश्चितता लागते, आणि निवडून न आलेल्या न्यायाधीशाने लोकांच्या करारात आपली नीतिमत्ता ओतू नये, हा आक्षेप हलका नाही. मलाही तो मान्य आहे, पण एका अटीवर: निश्चितता कुणाची, हेही विचारा. सबपोस्टमास्तरला कसली निश्चितता होती? नुकसान आपणच भरायचं, ही एकच.

म्हणून माझं म्हणणं असं. न लिहिलेल्या अटीचा शोध घेताना पहिला प्रश्न ‘आवश्यक काय’ हा नसावा. पहिला प्रश्न असावा: हा कागद कोणी लिहिला? दोघांनी मिळून लिहिला असेल तर मौनाचा मान ठेवा, ‘मार्क्स अँड स्पेन्सर’सारखा. एकानेच लिहिला असेल तर त्याचं मौन हे त्याच्या सोयीचं मौन आहे असं धरा, आणि त्या नात्याला काय लागतं ते अर्विनसारखं उघडपणे ठरवा. ठरवतो आहोत हे कबूल करून ठरवा, कारण कबूल केलेल्या निवडीवर टीका करता येते, ती पुढच्या खटल्यात सुधारता येते. ‘सापडलं’ म्हटलेल्या गोष्टीवर वाद घालणं अवघड.

आणि न्यायाधीशांवर फार विसंबून राहता येत नाही, हेही तितकंच खरं. स्पष्ट लिहिलेल्या अटीच्या विरुद्ध जाणारी अट न्यायालय सहसा अध्याहृत धरत नाही. लेखणी ज्याच्या हातात आहे तो पुढच्या छपाईत एक ओळ वाढवून हे दार बंद करू शकतो. बेट्स आणि त्यांचे साडेपाचशेच्या घरातले सहकारी जिंकले ते पहिल्या तुटीनंतर जवळपास वीस वर्षांनी, आणि तडजोडीत मिळालेल्या पावणेसहा कोटी पौंडांतला मोठा हिस्सा खटल्याच्या खर्चात गेला. संसदेने घातलेल्या अटी मात्र कागदावर काहीही छापलं तरी सहसा काढता येत नाहीत. दुरुस्तीचं कलम, राहण्यायोग्य घर, समान वेतन: हे मागून मिळवलेलं आहे, न्यायाधीशाच्या अंतर्ज्ञानातून आलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी भाडेकरारात ‘हाच संपूर्ण करार आहे’ हे वाक्य दिसलं तर घाबरून जाऊ नका. ते वाक्य कायद्याने घातलेल्या अटींना हात लावू शकत नाही, आणि २०११च्या एका निकालाप्रमाणे करार चालण्यासाठी लागणाऱ्या अध्याहृत अटींनाही सहसा नाही. पण जे तुम्हाला खरंच हवं आहे, बॉयलर, नोटिशीची मुदत, संशोधनावरचं नाव, ते एका ओळीच्या ईमेलने सहीच्या आधी विचारून घ्या. उत्तर आलं तर ते लेखी झालं. नाही आलं, तर हा कागद कोणी लिहिला आहे, ते कळलं.